गाण्याच्या क्लासची गुरुपौर्णिमा : बाईंना द्यायचं काय आणि कार्यक्रम वेळेत बसवायचा कसा?

नौपाडा_षड्ज

नमस्कार मंडळी.

यंदा गुरुपौर्णिमा २९ जुलैला, बुधवारी आहे. आमच्या गाण्याच्या क्लासचा कार्यक्रम त्यानंतरच्या रविवारी, २ ऑगस्टला ठरतोय. ठाणे पश्चिमेला, सोसायटीच्या हॉलमध्ये. शिकणारे एकूण ३८. त्यांत १२ जण प्रारंभिक या पहिल्या परीक्षेची चिल्लीपिल्ली, १८ जण त्यापुढच्या प्रवेशिका आणि मध्यमाचे, बाकी ८ विशारदपर्यंत पोचलेले किंवा नोकरी सांभाळून शिकणारे मोठे.

दोन गोष्टींवर सल्ला हवा आहे. बाईंना काय द्यावं यावर पालकांच्या गटात आठवडाभर चर्चा चालू आहे. साडी, चांदीची सरस्वती, पाकीट, सगळं सुचवून झालं. बाई दरवर्षी एकच सांगतात, काही आणू नका, गाऊन दाखवा. आणि दुसरं, ३८ जणांचं गाणं एका संध्याकाळी बसवायचं कसं?

माझं स्वतःचं मत असं की बाईंनी शिकवलेलं त्यांच्यासमोर सुरात, नीट मांडलं जाणं हीच खरी दक्षिणा. पण 'नीट' म्हणजे नेमकं काय काय करायचं ते जाणकारांनी तपशिलात सांगा.

लयकारी_कळवा

आधी वेळेचा हिशोब. ३८ जण, प्रत्येकी ५ मिनिटं म्हणजे १९० मिनिटं. एक उठून दुसरा बसेपर्यंत, तबला लागेपर्यंत २ मिनिटं धरली तर आणखी ७६. झाले ४ तास २६ मिनिटं, आणि यात पूजन, चहा, बाईंचं गाणं काहीच नाही. शेवटी गाणारा मुलगा पेंगुळलेला असतो आणि समोर फक्त त्याचे आईवडील उरतात.

असं करा. प्रारंभिकच्या १२ जणांचे तीन गट, प्रत्येक गटाला ६ मिनिटं, म्हणजे १८. मधल्या १८ जणांना एकेकट्याला ४ मिनिटं, म्हणजे ७२. मोठ्या आठ जणांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला एक राग आणि १० मिनिटं, म्हणजे ४०. बेरीज १३०. सादरीकरणं २५ उरली, मध्ये एकेक मिनिट धरलं तर १५५ मिनिटं. अडीच तासांच्या थोडं वर. पूजनाला १५, चहाला १५, बाईंना ३० मिनिटं. साडेचारला सुरू केलंत तर आठ-सव्वाआठला हॉल मोकळा.

४ मिनिटांत काय मावतं हे मुलांना आवर्तनांत, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्यांत, समजावा. तीनताल, मिनिटाला १६० मात्रा धरल्या तर एक आवर्तन ६ सेकंदांचं. ४ मिनिटांत ४० आवर्तनं. सुरुवातीचा आलाप अर्धा मिनिट, म्हणजे ५ आवर्तनांएवढा वेळ गेला. स्थायी-अंतरा साधारण १२ आवर्तनं. आठ मात्रांच्या चार ताना, प्रत्येक तानेनंतर मुखडा (बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा) घेऊन स्थायीची ओळ, म्हणजे आणखी ८. शेवटी तिहाई (एकच तुकडा तीनदा). एकूण २६-२७ झाली. उरलेल्या आवर्तनांत मूल सावकाश दोन बोलआलाप घेऊ शकतं. घड्याळाकडे बघून गाणारं मूल घाबरतं, आवर्तनं मोजणारं मूल तालात राहतं.

सानपाडा_सरगम

मध्ये एक मिनिट पुरेल? तबल्याचा सूर उतरवायला-चढवायलाच तीन मिनिटं जातात.

लयकारी_कळवा

@सानपाडा_सरगम, बरोबर, म्हणूनच क्रम वयानुसार किंवा परीक्षेनुसार लावायचा नाही. पट्टीनुसार, म्हणजे गाणारा पेटीच्या ज्या पट्टीला षड्ज धरतो तिच्यानुसार लावायचा. काळी एक म्हणजे पहिली काळी पट्टी. सगळे काळी एकवाले एकत्र, काळी चारवाले एकत्र, काळी पाचवाले एकत्र. महिनाभर आधी एक तक्ता करा : नाव, राग, ताल, लय, पट्टी. हा कागद तबला वाजवणाऱ्याच्या हातात आठवडाभर आधी पडला की निम्मी चिंता मिटते.

आता खुबीची गोष्ट. मुली बहुतेक काळी चार किंवा पाचमध्ये गातात. प्रत्येक पट्टीसाठी वेगळा तबला कोणी रिक्षातून आणू शकत नाही. पण काळी एकचा तबला काळी चारच्या गायिकेला मध्यमात (तिच्या 'म'ला) मिळतो, आणि काळी दोनचा तबला पंचमात ('प'ला). म्हणजे काळी चारमध्ये दुर्गा, काफी, बागेश्री, भीमपलास असेल तर काळी एकचा तबला मध्यमात चालून जातो. भूप असेल तर नाही, कारण भूपात मध्यमच नाही. यमनलाही नाही, तिथे तीव्र मध्यम आहे आणि खाली शुद्ध मध्यम घुमत राहिला तर मुलीचा सूर हलतो. या दोन्हींना काळी दोनचा तबला पंचमात द्या. मालकंसात पंचम नाही, तिथे उलट मध्यमच हवा.

म्हणजे काळी एक आणि काळी दोन असे दोन तबले आणले की बहुतेक मुली निभतात. एकच तबला दिवसभर एका स्वरावरून दुसऱ्यावर ओढू नका. पूर्ण एका स्वराचा फरक हातोडीने गजऱ्यावर (तबल्याच्या तोंडाच्या विणलेल्या कडेवर) नेहमी निघत नाही, गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) सरकवावे लागतात, आणि पाच-सहा वेळा असं केलं की वादी (ताणून बांधलेली चामड्याची पट्टी) सैल पडते, घरं (गजऱ्यावरचे भाग) एकमेकांना मिळेनाशी होतात.

घोडबंदर_गंधार

हा प्रतिसाद छापून क्लासच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे.

पेटी_बेलापूर

लयकारी यांच्याशी सहमत, पण सगळं पेटीपासून सुरू होतं हे लक्षात घ्या. तबला जागेवर लावता येतो, तंबोरा लावता येतो, पेटीचा सूर जागेवर हलवता येत नाही. म्हणून त्या संध्याकाळी सगळ्यांनी पेटीला मिळवायचं. फोनवरच्या तंबोऱ्याच्या ॲपमध्ये बारीक सूर वरखाली करायची सोय असते. हॉलमध्ये पोचल्यावर पहिलं काम हेच : पेटीचा षड्ज धरा, ॲप लावा, दोन्ही एकत्र ऐका. सुरात लहर जाणवत असेल, आवाज हलल्यासारखा वाटत असेल, तर ॲप थोडं वर किंवा खाली घ्या. लहर थांबेपर्यंत. मग तो आकडा कागदावर लिहून ठेवा, कारण पट्टी बदलताना कोणीतरी तो हमखास पुसतो.

दोन पेट्या असतील तर दोन्हींची काळी एक एकत्र दाबून बघा. लहर आली तर त्या दोन पेट्या एका गाण्यात एकत्र वाजवायच्या नाहीत, प्रश्न मिटला.

फोन एअरप्लेन मोडवर. मिक्सरला जोडलेल्या फोनवर कॉल आला तर घंटी थेट स्पीकरमधून वाजते आणि त्या वेळी गात असणारं मूल पुढची ओळ विसरतं.

पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, एखादी दाबली की वर येत नाही. आठवडाभर आधी प्रत्येक पट्टी दाबून तपासा. अडकत असेल तर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, घरी चाकूने तासू नका. आणि साबुदाणा वडा कार्यक्रमानंतर. तेलकट बोटं पेटीवर फिरली की आठवडाभर पट्ट्या चिकट राहतात.

वाशी_वादी

मी थोडं वेगळं म्हणेन. स्टेज, माइक, बॅनर, निवेदन यात गुरुपौर्णिमा हरवते. ती स्नेहसंमेलन होते. मूळ प्रथा काय? गुरूसमोर बसायचं, तंबोरा लावायचा, जे शिकलो ते म्हणायचं, गुरू चूक सांगतात ती ऐकायची. यासाठी सोसायटीचा हॉलसुद्धा नको. क्लासच्या खोलीत सतरंजीवर, सकाळी सातपासून, दर अर्ध्या तासाला तीन-तीन जण. पालक बाहेर. बाई प्रत्येकाला दोन वाक्यं सांगतील. ती दोन वाक्यं वर्षभर पुरतात. स्टेजवर टाळ्या मिळतात, पण ही वाक्यं मिळत नाहीत.

कोपरी_कोमलनी

@वाशी_वादी, तुमचं म्हणणं पटतं, पण प्रारंभिकच्या मुलाला चार लोकांसमोर बसायची सवय कुठे लागणार? गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत समोर अनोळखी परीक्षक असतात, त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. मूल तिथे पहिल्यांदाच परक्या माणसासमोर गात असेल तर पाठ असलेला यमनही सुटतो. वर्षातून एकदा, ओळखीच्या माणसांत, चुकलं तरी कोणी रागावणार नाही अशा ठिकाणी गाणं ही त्या मुलाची गरज आहे.

दोन्ही करा. २९ तारखेला बुधवारी संध्याकाळी क्लासमध्ये पूजन आणि मोठ्या आठ जणांचं गाणं. रविवारी बाकीच्यांचं हॉलमध्ये. मग रविवार आणखी हलका होतो.

वाशी_वादी

हे चालेल. फक्त बुधवारी ट्रेनने येणारे मोठे शिष्य साडेसातच्या आत ठाण्याला पोचत नाहीत. आठला सुरू करा.

ट्रान्सहार्बर

रविवार म्हटलात म्हणून. साथीदार कुठून येणार ते आधी विचारा. लोकलचे मध्य, हार्बर आणि ट्रान्सहार्बर, रविवारी यांतल्या एका तरी मार्गावर मेगाब्लॉक असतोच, साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत. वेळापत्रक आदल्या दिवसापर्यंत जाहीर होतं. पनवेल-बेलापूरकडून पेटी घेऊन येणाऱ्याला ब्लॉक लागला तर ऐन वेळी टॅक्सी शोधावी लागते, तीही पावसात. एक जबाबदार विद्यार्थी फक्त याच कामाला ठेवा : शनिवारी रात्री ब्लॉक बघायचा, साथीदारांना फोन करायचा, गरज असेल तर गाडी सांगायची. गाडीचा खर्च क्लासचा.

आणि तंबोरा गर्दीच्या लोकलमधून नेऊ नका. रिक्षात नेताना गवसणी घालून, भोपळा मांडीवर धरून, मान आतल्या बाजूला ठेवून. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत भोपळा सीटच्या लोखंडी पट्टीला आपटला तर तडा जातो, आणि तो तडा सांधला तरी पूर्वीचा नाद परत येत नाही.

लयकारी_कळवा

पावसाचं बोलणं निघालंच आहे तर तबल्याचं सांगतो. दमट हवेत पुडी (तबल्याच्या तोंडावरचं चामडं) सैल पडते, सूर उतरतो. एसी हॉलमध्ये नेलं की कोरडी हवा लागते, पुडी ताणली जाते, सूर चढतो. म्हणून बाहेरून आणलेला तबला लगेच लावू नका. हॉलमध्ये नेऊन, कव्हरमधून काढून, वर सुती कापड टाकून पाऊण ते एक तास ठेवा, मग लावा. एसीच्या थेट झोतात ठेवला तर शाईला (पुडीवरच्या काळ्या गोलाला) चिरा जातात. हेअर ड्रायरने गरम करणं तर अजिबात नको, शाई सुटते.

लावताना एका घरावर जोर काढू नका. समोरासमोरची घरं घ्या, एक, मग त्याच्या बरोब्बर समोरचं, असं सोळाही घरांवरून फिरा. वरून गजऱ्यावर ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. मुलांना हे बघू द्या. गाणाऱ्या मुलांना तबला कसा लावतात ते माहीतच नसतं.

कौपीनेश्वर_कट्टा

पहिल्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही. द्यायचं काय?

पाचपाखाडी_पलटे

@कौपीनेश्वर_कट्टा, तेच लिहायला आले होते.

पाकिटांची स्पर्धा होऊ देऊ नका. ज्या घरात दोन मुलं गातात आणि एक कमावता आहे, त्या घराला पाचशे आणि दोन हजारांची यादी गटात वाचावी लागते. वर्गणीची यादी गटात टाकायची नाही हा पहिला नियम. एक माणूस पैसे गोळा करेल, कोणी किती दिले ते फक्त त्याला ठाऊक, आणि बाईंना मिळणारं पाकीट एकच, वर क्लासचं नाव. ज्याला जमत नसेल त्याने काही देऊ नये आणि त्याला कोणी विचारू नये.

दुसरं, बाईंना विचारून द्या. क्लास चालवणाऱ्या शिक्षकाला कसली कसली अडचण असते हे आपल्याला दिसत नाही. क्लासच्या तबल्याची पुडी दोन वर्षं बदललेली नसते. पेटीचा भाता दुरुस्तीला आलेला असतो. तंबोऱ्याची जवारी (घोडीची तारेला गुंजन देणारी घडण; घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती) उतरलेली असते, तारा गंजलेल्या असतात. हे सगळं शिक्षक स्वतःच्या फीमधून करतात आणि बोलत नाहीत.

मिरज_जवारी

जवारीचं नाव निघालं म्हणून. तंबोरा लावल्यावर तार छेडली की आवाज कोरडा, 'टण्' असा येऊन लगेच मरत असेल, रेंगाळत नसेल, तर घोडीचा पृष्ठभाग झिजला आहे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला दोरा पुढेमागे करून बघा. एका जागी आवाज उमलतो, गुणगुणायला लागतो. कुठेच उमलत नसेल तर जवारी काढून घ्यावी लागते. हे काम घोडी घासून होतं आणि ते कसबी माणसाचंच आहे. घरी सँडपेपर लावला तर घोडी बिघडते आणि नवी घोडी बसवावी लागते.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे नेऊन जवारी काढून आणता आली तर उत्तम, पण आधी फोनवर वेळ ठरवून जा, कामाची रांग असते. जातानाच ताराही सांगा : बायकांचा तंबोरा की पुरुषांचा, आणि कुठल्या पट्टीत लावता. पट्टीनुसार तारेची जाडी बदलते. जाड तार वरच्या पट्टीत ताणली की तुटते, बारीक तार खालच्या पट्टीत सैल पडून खडखडते. आणि तारांचा एक पूर्ण संच जास्तीचा घ्या. जोडाची (मधल्या दोन षड्जांची) तार कार्यक्रमाच्या अर्धा तास आधीच तुटते, असा माझा पक्का समज आहे.

पाचपाखाडी_पलटे

@मिरज_जवारी, म्हणजे यंदाची दक्षिणा ठरली की. जवारी, तारांचे दोन संच, पुडी आणि भाता.

उपवन_उठान

चांगली कल्पना, पण शिक्षकाच्या हातात काहीतरी येऊ द्या. दुरुस्ती क्लासची होते, पण बाई स्वतःसाठी काही घेत नाहीत हाच तर प्रश्न आहे. वाद्यनिधी वेगळा, पाकीट वेगळं, दोन्ही करा. क्लास चालवणाऱ्या बहुतेकांना ना भविष्य निर्वाह निधी, ना रजेचा पगार. मे महिन्यात मुलं गावाला गेली की फी बंद. कृतज्ञता म्हणायची असेल तर सगळ्यात आधी फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, न मागता, सुट्टीच्या महिन्यासकट. आणि क्लास सोडायचा असेल तर एक महिना आधी, समोर बसून सांगणं. गटातून गुपचूप बाहेर पडणं नाही.

नौपाडा_षड्ज

@उपवन_उठान, फीचा मुद्दा मी पालकांच्या गटात तसाच्या तसा टाकतो आहे.

घणसोली_टाळ

क्लासचं चाललंय, पण एक बाजू आमच्या गावांचीही सांगतो. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोली, गोठिवली, इथल्या भजनी मंडळांत बुवा शिकवतात. तिथे महिन्याची फी हा प्रकार नसतो. तिथली दक्षिणा म्हणजे हजेरी. एकादशीला, सप्ताहात, गावातल्या दशक्रियेच्या भजनाला, बुवांनी सांगितलं की टाळ घेऊन उभं राहायचं. यंदा आषाढी एकादशी २५ जुलैला, मग चार दिवसांनी गुरुपौर्णिमा. त्या आठवड्यात पखवाज खाली बसत नाही.

पखवाजाचं एक सांगतो, कारण क्लासमधली मुलं हल्ली शेवटच्या अभंगाला पखवाज मागतात. धुमेच्या, म्हणजे खर्जाच्या बाजूच्या, तोंडाला कणीक लागते. गव्हाचं पीठ, पाणी घालून सैलसर मळायचं, पोळीच्या कणकेपेक्षा थोडं मऊ. मोठ्या लिंबाएवढा गोळा घेऊन मध्यभागी थापायचा, कडा पातळ करायच्या. कमी लावली तर घुमत नाही, जास्त लावली तर आवाज बसतो. दोन अभंगांनी ती सुकायला लागते, पाण्याचा हात फिरवायचा. आणि कार्यक्रम संपला की त्याच रात्री सगळी खरवडून, ओल्या फडक्याने पुसून काढायची. राहिली तर चामडं कुजतं आणि रात्रीत उंदीर पुडी कुरतडतात. हे काम सगळ्यात लहान टाळकऱ्याला द्यायचं, तो त्यातून शिकतो.

सानपाडा_सरगम

@घणसोली_टाळ, 'तिथली दक्षिणा म्हणजे हजेरी', फार आवडलं.

खारघर_कॉर्ड

गिटार शिकवणाऱ्यांच्या क्लासमध्येही आता गुरुपौर्णिमा करतात, तर गाण्याच्या मुलांबरोबर गिटार बसवायची असेल तर इतकंच : काळी एकला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारी चिमट) लावून सी कॉर्डचे आकार, काळी चारला पहिल्याच पडद्यावर जीचे. मुलांना कॅपो लावल्यावर पुन्हा सूर तपासायला सांगा, तार थोडी वर चढते.

माजिवडा_माइक

सोसायटी हॉलच्या ध्वनीबद्दल. गडकरी किंवा घाणेकर नाट्यगृह घ्यायची गरज नाही, तिथे भाडं, अनामत, तारीख मिळण्याची वाट, हे सगळं ३८ मुलांच्या कार्यक्रमाला जड जातं. हॉल छोटा असेल तर माइक चारच : गाणाऱ्याला एक, पेटीला एक, तबला आणि डग्ग्याला एकेक. तंबोरा ॲपवरून थेट मिक्सरमध्ये.

गाणाऱ्याचा माइक तोंडापासून वीतभर लांब, हनुवटीच्या किंचित खाली. लहान मुलं माइकला चिकटून बसतात, म्हणून स्टँड त्यांच्या उंचीला आधीच खाली करून ठेवा आणि बसायच्या जागी सतरंजीवर खडूची खूण करा. मॉनिटर स्पीकर माइकच्या मागच्या बाजूला, समोर नाही, नाहीतर शिट्टी येते. शिट्टी आली की लोक आवाज वाढवतात, तेव्हा तो कमीच करायचा असतो. सोसायटी हॉल टाइल्सचे असतात, आवाज आपटून परत येतो. मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा दोन-चार चादरी टांगा, फरक लगेच कळतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, सभागृह-कम्युनिटी हॉलसारख्या बंदिस्त जागेतला आतल्या आत ठेवलेला आवाज तेवढा वेगळा धरतात. पण रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि सोसायटी हॉलच्या खिडक्या उघड्या असतात. तुम्ही आठला संपवताय तर प्रश्न येऊ नये. तरी आजूबाजूच्या दोन मजल्यांवर आदल्या दिवशी जाऊन सांगून या, त्यांनाही ऐकायला बोलवा.

कोपरी_कोमलनी

साथीदारांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ३८ जणांना साथ करणं हे बैठकीतल्या एका गायकाला साथ करण्यापेक्षा अवघड काम आहे. दर चार मिनिटांनी नवी लय, नवा घाबरलेला जीव. मूल सम (तालाची पहिली मात्रा) चुकलं तर ठेका अलगद ओढून त्याला समेवर आणणारा हात हवा. आपण सगळे हार बाईंना घालतो आणि तबला-पेटीवाले कोपऱ्यात आपापली कव्हरं बांधत असतात.

पत्रिकेत 'साथसंगत' खाली पूर्ण नावं, आडनावासकट, त्यांना विचारून. 'तबलजी' असं पत्रिकेत लिहू नका. मानधनाचं पाकीट कार्यक्रमाआधी, बसण्यापूर्वी, एका ठरलेल्या माणसाने द्यायचं. कार्यक्रम संपल्यावर देऊ म्हटलं की ते पाकीट ज्याच्या खिशात असतं तो माणूस जेवणाच्या रांगेत सापडत नाही. तालमीचे पैसे वेगळे धरा, ३८ जणांची तालीम म्हणजे अर्धा दिवस. आणि मध्ये चहा त्यांना जागेवर नेऊन द्या, कारण तबला सोडून ते उठू शकत नाहीत.

लयकारी_कळवा

@कोपरी_कोमलनी, धन्यवाद. मनापासून.

पलुस्कर_पद्धत

दक्षिणेची आणखी एक सूचना. मोठ्या आठ शिष्यांनी करावी अशी.

बाईंकडे किती बंदिशी आहेत ते मोजा. गुरूकडून ऐकून आलेल्या, वहीत अर्ध्या लिहिलेल्या. त्यांचं स्वरलेखन करा. भातखंडे पद्धत घेतलीत तर कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. तीनतालाचे चार विभाग चार-चार मात्रांचे, सोळा खाने आखून घ्या.

सर्वात जास्त चूक मुखड्याच्या जागेत होते. बंदीश खालीपासून, नवव्या मात्रेपासून उठत असेल तर पहिलं अक्षर नवव्या खान्यात पडलं पाहिजे. मुलं सवयीने पहिल्या खान्यापासून लिहितात आणि मग सम चुकीच्या अक्षरावर येते. ताळा बघायची रीत सोपी : एकाने हाताने ताल धरायचा, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून म्हणायचं, सम आली की बोट फुलीवर असलं पाहिजे. नसेल तर ती ओळ पुसा.

सोबत बाईंच्या आवाजात प्रत्येक बंदिशीची स्थायी-अंतरा ध्वनिमुद्रित करा, फोन चालेल, पंखा बंद करून, हातभर अंतरावर ठेवून. फाइलच्या नावात राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द. आणि बाईंच्या परवानगीशिवाय त्यातलं काहीही यूट्यूबवर टाकायचं नाही. ती विद्या त्यांना कोणीतरी दिलेली आहे.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा गाणं घराण्याच्या भिंतींतून बाहेर आलं, सर्वसामान्य घरांतल्या मुलांपर्यंत पोचलं. आपल्या वाशीतही आज गांधर्व महाविद्यालय मंडळाचं काम चालतं. गल्लीतल्या क्लासच्या बाई त्याच साखळीतल्या आहेत. त्यांच्या वह्या जपायला हव्यात.

घोडबंदर_गंधार

आणि ठाण्याला तर पं. राम मराठे राहून गेले, त्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते. क्लासची मुलं तिथे ऐकायला नेणं हेही बाईंना आवडेल.

वाशी_वादी

@पलुस्कर_पद्धत, माझा विरोध इथे पूर्ण संपला. ही खरी दक्षिणा.

उपवन_उठान

एक शंका. लिहून काढलेल्या बंदिशी बाईंनी एकदा तपासायला हव्यात, आणि त्यालाही त्यांचाच वेळ जाणार. आठवड्याला दोनच द्या, जास्त नको.

नौपाडा_षड्ज

सगळ्यांचे आभार. बाईंशी काल बोललो, ठरलं ते असं.

बुधवार २९ ला रात्री आठला क्लासमध्ये पूजन, मोठ्या शिष्यांचं गाणं, बाईंचं मार्गदर्शन. रविवारी साडेचारला हॉलमध्ये चिल्लीपिल्ली आणि मधल्या अठरा जणांचं. क्रम पट्टीनुसार, तक्ता मी करतो आहे. काळी चारच्या अकरा मुलींपैकी चौघींचा भूप आहे, तिघींचा यमन, बाकी चौघींचे दुर्गा आणि काफी. म्हणजे लयकारी म्हणाले तसे दोन्ही तबले लागणार. भूप-यमन सलग घेतले, दुर्गा-काफी त्यानंतर, म्हणजे तबला एकदाच बदलायचा.

दक्षिणेचं : पाकीट एकच, नावांशिवाय. वाद्यनिधी वेगळा, त्यातून यंदा जवारी, तारा आणि पुडी. जवारीचं ऐकून बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, तंबोरा बायकांचा आहे, काळी चारला लावते, तसं सांगा.

बंदिशींची वही दिवाळीपर्यंत सुरू करू. आठवड्याला दोन.

मिरज_जवारी

तंबोरा नेताना तारा अर्ध्या स्वराने उतरवून न्या, पूर्ण सैल सोडू नका. आणि सूर बारीक लावायचे मणी जागेवरून सरकले असतील तर तसेच राहू द्या, तिथे बघून घेतील.

कोपरी_कोमलनी

साथीदारांची पाकिटं कोणाकडे आहेत ते ठरलं का?

नौपाडा_षड्ज

ठरलं. माझ्याकडे. सव्वाचारला देतो.